कोंबडीचा श्वास

आमच्या शाळेंतील पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरीं चार-दोन कोंबड्या असतात. कांहीं अंड्यांकरितां, कांहीं विकण्याकरितां; आणि त्यांत एखादी तरी अशी असते कीं, जिला नांव ठेवलेलें असतें व जिच्या विक्रीची गोष्ट निघतांच घरांतील धाकटें मूल रडूं लागतें. आईच्या पदराच्या गांठींत मीठमिरचीचे व वहीपेन्सिलीचे जे पैसे असतात, तेहि बहुधा ह्याच खुराड्यांतून आलेले असतात. अशा एखाद्या घरीं एके रात्रीं खुराड्यांतून घरघर असा आवाज येऊं लागतो. दुसऱ्या दिवशीं एक तलंग चोंच उघडून कोपऱ्यांत उभी दिसते. आणि आठवडा संपण्यापूर्वीं खुराडें रिकामें होतें. “मर आली” एवढें म्हणून घरचीं माणसें गप्प बसतात. परंतु ही मर अचानक आलेली नसते. ती दोन-तीन रात्री आधींपासून आवाज देत असते व तो आवाज बहुतकरून श्वासाचा असतो. तो कसा ओळखावा आणि ओळखल्यावर पहिल्या तासांत काय करावें, इतकेंच ह्या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम कोंबडीचा श्वास कसा चालतो हें पाहिलें पाहिजे, कारण तो आपल्यासारखा चालत नाहीं. आपल्या छातीच्या व पोटाच्या मध्यें स्नायूचा एक पडदा असतो. तो खालीं गेला कीं फुप्फुसें भात्यासारखीं फुगतात. कोंबडीस असा पडदा नाहीं. तिचीं फुप्फुसें लहान असून पाठीकडच्या बरगड्यांस चिकटून बसलेलीं असतात व तीं फारशीं फुगत नाहींत. भात्याचें काम तिच्या अंगांतील नऊ पातळ वायुपिशव्या करितात. ह्या पिशव्या मानेच्या मुळापासून पोटापर्यंत पसरलेल्या असून त्यांचे फांटे कांहीं हाडांच्या पोकळींतहि शिरलेले असतात. छातीचें हाड खालींवर झालें म्हणजे पिशव्या भरतात व रिकाम्या होतात, आणि हवा फुप्फुसांतून एकाच दिशेनें वाहत राहते. त्यामुळें पक्ष्यास एका श्वासांतून आपल्यापेक्षां अधिक प्राणवायु मिळतो. परंतु हवेंत जें वाईट असेल तेंहि तितक्याच त्वरेनें अंगांत खोल जातें. इंग्लंडांतील कोळशाच्या खाणींत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून कॅनरी जातीचे चिमुकले पक्षी पिंजऱ्यांत घालून नेत असत, व ही वहिवाट तेथें १९८६ सालापर्यंत चालू होती. मजुरास कांहीं कळण्यापूर्वींच पक्षी कोलमडून पडे आणि मजूर बाहेर धांवत. आमच्या अंगणांतील कोंबडीची घडण त्याच प्रकारची आहे.

ह्यावरून मुलांनीं एक गोष्ट विशेषेंकरून ध्यानांत ठेवावी. कोंबडीचें छातीचें हाड हाललें नाहीं तर तिचा श्वासच बंद पडतो. लाडानें पिलूं मुठींत आवळून धरलें, तर त्याचें नाक मोकळें असूनहि तें गुदमरून मरतें, आणि मुलाला वाटतें कीं तें हातांत झोंपीं गेलें. आजारी कोंबडीस तपासण्याकरितां उताणी पाडून धरणें हेंहि तितकेंच वाईट. तिचे दोन्ही पंख अंगाशीं हलकेंच मिटून तिला काखेंत घ्यावें व छातीखालीं मोकळीक राहूं द्यावी.

आतां तोंड उघडून श्वास घेणारी प्रत्येक कोंबडी रोगी असते असें मात्र नाहीं. आमच्या वाशीम जिल्ह्यांत चैत्र-वैशाखांत पारा चाळिसाच्या वर जातो. कोंबडीस घाम येत नाहीं. अंगांतील उष्णता बाहेर टाकण्यास धापा टाकणें हाच तिचा मुख्य मार्ग आहे. अशा वेळीं खुराड्यांतील झाडून साऱ्या कोंबड्या एकदम धापा टाकीत असतात. पंख अंगापासून दूर धरलेले असतात. आवाज होत नाहीं. तुरा लाल असतो. आणि ऊन उतरलें कीं त्या पूर्ववत् दाणे वेंचूं लागतात. त्यांस सावली, थंड पाणी व वारा द्यावा. दुपारीं पकडण्यासाठीं त्यांच्यामागें धांवूं नये. परंतु पहाटेच्या गारव्यांत किंवा पौष महिन्याच्या थंडींत एखादी कोंबडी चोंच वासून उभी असेल, तर तिला उष्म्याचा बहाणा लागू पडत नाहीं. शांत उभ्या असलेल्या मोठ्या कोंबडीचा श्वास मिनिटास साधारण वीस ते तीस वेळां चालतो व तो नुसत्या डोळ्यांस सहसा दिसतहि नाहीं. प्रत्येक श्वासाबरोबर शेपूट खालींवर हालतांना दिसूं लागली, म्हणजे श्वासाला कष्ट पडत आहेत असें समजावें. ज्याच्या घरीं घड्याळ आहे त्या विद्यार्थ्यानें निरोगी कोंबडीचे श्वास एकदां मोजून पाहावेत. निरोगी कशी असते हें ठाऊक नसणाऱ्यास रोगी कशी ओळखूं येणार?

दिवसां कोंबडी आपलें दुखणें लपविते. कळपांत जी अशक्त दिसेल तिला इतर कोंबड्या टोंचितात, म्हणून ती अंगांत त्राण असेपर्यंत चारचौघींत दाणे वेंचण्याचें सोंग करिते. ह्याकरितां खरी परीक्षा रात्रीची. कोंबड्या बसल्या, अंधार पडला, गडबड थांबली, म्हणजे दिवा न लावतां खुराड्यापाशीं पांच मिनिटें उभें राहावें व नुसतें ऐकावें. निरोगी खुराड्यांतून पंखांच्या सळसळीपलीकडे कांहीं ऐकूं येत नाहीं. शिंक, खोंकला, गळ्यांत पाणी अडकल्यासारखी घरघर, किंवा श्वास आंत ओढतांना शीळ घातल्यासारखा आवाज ऐकूं आला, तर मग दिवा घेऊन ती कोणती हें शोधावें. ही पांच मिनिटें आम्हांस कोणत्याहि औषधापेक्षां अधिक मोलाचीं वाटतात.

आवाज सांपडल्यावर तोंड पाहावें. नाकपुड्यांभोंवतीं चिकट ओल व तिला चिकटलेली भुकटी, डोळ्याच्या कोपऱ्यांत फेसाचे बुडबुडे, आणि आठवडेच्या आठवडे चालणारी बारीक घरघर हीं चिन्हें बहुधा जुनाट श्वासरोगाचीं असतात. हा रोग एका अतिसूक्ष्म जंतूपासून होतो. तो अंड्यांतून पिलांतहि उतरतो. त्यानें एकदम मर येत नाहीं, परंतु कोंबडी वाळत जाते व अंडीं कमी होतात. एका बाजूचा चेहरा सुजून डोळा मिटलेला, आणि नाकांतून येणाऱ्या स्रावाला घाण वास, असें दिसलें तर तो कोंबड्यांचा सांसर्गिक पडसें-रोग होय. चोंच उघडून पाहतां गळ्यांत पिंवळट पापुद्रे व तुऱ्यावर खपल्या आढळल्या तर ती देवी समजावी. लहान पिलूं मान लांब करून पुन्हां पुन्हां जांभई दिल्यासारखें करीत असेल, तर कधीं कधीं त्याच्या श्वासनलिकेंत तांबडे कृमि असतात. नुसत्या भरडीवर ठेवलेल्या व हिरवा पाला कधीं न मिळालेल्या कोंबड्यांच्याहि नाका-घशांत पांढुरके कण धरतात. त्यांस मेथीचा किंवा शेवग्याचा पाला द्यावा. हीं चिन्हें वैद्यास सांगण्यापुरतीं उपयोगी आहेत. तेवढ्यावरून आपण औषध ठरवूं नये. आम्हीं ठरविलें होतें, त्याची हकीकत सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या घरीं एका पांढऱ्या कोंबडीस घरघर लागली. लसणाचा रस तेलांत घालून पाजावा असें शेजारीं कोणी सांगितलें. आम्हीं तिची चोंच बोटांनीं उघडली व चमचाभर तेल घशांत ओतलें. तिनें दोनदां मान झटकली आणि हातांतल्या हातांत प्राण सोडला. रोग फार बळावला होता, असें आम्ही त्या दिवशीं एकमेकांस सांगितलें. पुढें कळलें कीं कोंबडीच्या श्वासनलिकेचें तोंड जिभेच्या मुळाशींच, अगदीं समोर असतें, व उघड्या चोंचींत ओतलेला द्रव सरळ तिच्यांत उतरतो. त्या कोंबडीस रोगानें मारलें नव्हतें, आमच्या चमच्यानें मारलें. तेव्हांपासून धापा टाकणाऱ्या पक्ष्याच्या तोंडांत आम्ही कांहींहि ओतीत नाहीं. पाणी तिच्यापुढें ठेवावें. तिला प्यावयाचें असेल तर ती पिईल. फार तर चोंचीच्या कडेला एक थेंब लावावा, म्हणजे ती तो आपण होऊन चाटून घेते.

आतां ज्या दोन रोगांनीं खुराडींच्या खुराडीं ओस पडतात त्यांकडे वळूं. पहिला मानमोडी. १९२६ सालीं हा रोग जावा बेटांत व इंग्लंडांत न्यूकॅसल शहराजवळ प्रथम ओळखण्यांत आला, आणि पुढच्या एक-दोन वर्षांत हिमालयांतील कुमाऊं प्रांतीं राणीखेत येथें तो आढळला. म्हणून जगांत त्यास न्यूकॅसलचा रोग म्हणतात व आपल्या देशांत राणीखेत. आमच्या लोकांनीं त्याला दिलेलें नांव ह्या दोहोंपेक्षां बोलकें आहे. आरंभीं शिंका, घरघर व चोंच वासणें. मग हिरवट पाण्यासारखी हगवण. आणि ज्या कोंबड्या त्यांतून कांहीं दिवस निभावतात त्यांपैकीं कित्येकींची मान पिळवटून पाठीवर जाते. मान मोडलेली दिसते तोंवर रोग सगळ्या आळींत पोहोंचलेला असतो. श्वासाच्या चिन्हांवर तो धरला तरच कांहीं वांचतात. ह्या रोगाच्या विषाणूनें माणसाचेहि डोळे येतात. आजार सौम्य असतो, तरी रोगी कोंबडी हाताळल्यावर डोळे चोळूं नयेत.

दुसरा पक्ष्यांचा इन्फ्लुएन्झा, म्हणजे वर्तमानपत्रांतला बर्ड फ्लू. आपल्या देशांत तो कोंबड्यांत प्रथम आढळला तो महाराष्ट्रांतच, २००६ सालच्या फेब्रुवारींत नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें. २०२१ च्या जानेवारींत परभणी जिल्ह्यांतील मुरुंबा गांवीं तो आला. आणि २०२५ च्या फेब्रुवारींत तो आमच्या उंबरठ्याशीं आला: कारंजा तालुक्यांतील खेर्डा गांवीं एका कुक्कुटगृहांतील सहा हजारांहून अधिक कोंबड्या सुमारे आठवड्याच्या आंत मेल्या, व तपासणींत एच-५-एन-१ हा विषाणु निघाला. त्याच हिवाळ्यांत नागपुराजवळ गोरेवाडा येथें तीन वाघ व एक बिबट्या ह्याच विषाणूनें दगावले होते. मेलेली कोंबडी कुत्र्या-मांजरांपुढें टाकणाऱ्यांनीं ही गोष्ट विसरूं नये.

ह्या रोगांत पुष्कळदां श्वासाचा त्रास दिसण्यास अवकाशच मिळत नाहीं. संध्याकाळीं खाल्लेलें आहे, आणि सकाळीं दोन-तीन मरून पडल्या आहेत, असा प्रकार होतो. ज्या उरतात त्यांचे तोंड सुजलेलें, तुरा निळा-काळा, पायांच्या कातडीखालीं रक्ताचे डाग, व श्वास घरघरता. परंतु तीव्र मानमोडीहि जवळजवळ अशीच दिसते. डोळ्यांनीं पाहून ह्या दोहोंत भेद करणें पशुवैद्यासहि शक्य नाहीं. त्याकरितां नमुने प्रयोगशाळेंत पाठवावे लागतात, व बर्ड फ्लूचा अखेरचा निर्णय भोपाळच्या राष्ट्रीय संस्थेंत होतो. मग ज्याची परीक्षा पशुवैद्य करूं शकत नाहीं ती आपण घरीं कशाला करावी? दोन दिवसांत दोहोंहून अधिक कोंबड्या एकाएकीं मेल्या, तर रोग मोठा आहे असें धरून चालावें व कळवावें.

येथें माणसाच्या मनाची एक ओढ आहे, तिच्याविषयीं स्पष्ट बोलणें बरें. पहिली कोंबडी घरघरूं लागली कीं कित्येक घरीं असा विचार होतो कीं, बाकीच्या मरण्याच्या आंत विकून टाकाव्यात, किंवा कापून पाहुण्यांस बोलवावें. आईचे पैसे बुडतात हें आम्ही जाणतों, व अशा घरास उपदेश करणें सोपें आहे हेंहि जाणतों. तरी आठवडी बाजारांत गेलेली ती कोंबडी संध्याकाळपर्यंत दहा गांवांत रोग नेऊन पोहोंचविते, आणि कापतांना उडणारें रक्त व पिसांची धूळ ह्यांचा धोका कापणाऱ्यास सर्वांत अधिक. नीट शिजलेल्या अन्नानें रोग होत नाहीं, कारण सत्तर अंशांवरील उष्णतेंत हा विषाणु टिकत नाहीं. परंतु शिजण्यापूर्वीं ती कोंबडी कोणाच्या तरी हातांतून गेलेली असते. शिवाय हिशेबाची एक गोष्ट आहे. बर्ड फ्लू ठरल्यावर सरकार एक किलोमीटरच्या टापूंतील कोंबड्या मारविते, व अशा मारविलेल्या पक्ष्यांची भरपाई मालकास देते. रोगानें आधींच मेलेल्यांची देत नाहीं. म्हणजे वेळेवर कळविणारा मालक थोडें गमावतो व लपविणारा सगळें.

ज्या मुलाची एकच पाळीव कोंबडी त्या टापूंत सांपडते व निरोगी असूनहि नेली जाते, त्याला हा हिशेब सांगून उपयोग नाहीं. त्याच्या वडिलांनीं त्या दिवशीं त्याच्यापाशीं बसावें. ती आजारी नव्हती हें खरें आहे, व ती न्यावी लागली हेंहि खरें आहे, असें दोन्ही त्याला सांगावें.

एकच कोंबडी घरघरत असेल व बाकीच्या धडधाकट असतील, तर आधीं तिला वेगळें करावें. रोगाचें नांव कळण्याची वाट पाहूं नये. प्रभूनें यरुशलेमेविषयीं शोक करितांना पिलांस पंखांखालीं घेणाऱ्या कोंबडीचाच दाखला घेतला, तो वर्ग-वर्गांत सर्वांस पाठ आहे. परंतु ज्या ऊबेनें पिलें वाढतात त्याच ऊबेंतून श्वासाचा रोगहि एकीकडून दुसरीकडे जातो, म्हणून आजारी आईपासून पिलें काढून घेण्याचें निष्ठुर काम माणसालाच करावें लागतें. तिला डालग्याखालीं, खुराड्यापासून दूर, वारा खुराड्याकडे जाणार नाहीं अशा अंगास ठेवावें. खालीं कोरडें पोतें, जवळ ऊब, मंद उजेड. नाकपुड्या कोमट पाण्याच्या बोळ्यानें पुसून मोकळ्या कराव्यात व तो बोळा जाळून टाकावा. दाणा भिजवून मऊ द्यावा. निरोगी कोंबड्यांचें काम आधीं, आजारीचें शेवटीं. मग साबणानें हात धुवावे. तोंडावर रुमाल बांधावा, आणि ह्या कामास घरांतील लहानग्यांस लावूं नये.

नंतर पशुवैद्य. आमच्या गांवांतून ह्या दवाखान्यास ढोरांचा दवाखाना म्हणतात व त्यामुळें कोंबडी घेऊन तेथें जाण्यास लोक लाजतात. बैलाच्या रांगेंत कोंबडी कशी धरावी, असें त्यांस वाटतें. लाजण्याचें कारण नाहीं. एकटी कोंबडी आजारी असेल तर ती टोपलींत झांकून न्यावी. अनेक मेल्या असतील तर मात्र कांहींच हालवूं नये, दवाखान्यांत निरोप द्यावा किंवा १९६२ ह्या क्रमांकावर दूरध्वनि करावा. सांथीच्या रोगाची वर्दी ग्रामपंचायतीस किंवा पशुवैद्यास देणें हें २००९ च्या कायद्यान्वयें मालकाचें कर्तव्यच आहे. जुनाट श्वासरोगावर व पडसें-रोगावर औषधें आहेत. मानमोडीवर व बर्ड फ्लूवर नाहींत. घरांत माणसांकरितां आणून उरलेल्या गोळ्या कुटून पाण्यांत घालण्याची चाल पडली आहे. तिनें विषाणु मरत नाहीं, व औषधाचा अंश अंड्यांतून मुलांच्या पोटांत जातो. मेलेली कोंबडी नाल्यांत टाकूं नये; खोल खड्ड्यांत चुना घालून पुरावी. बर्ड फ्लूचा संशय असेल तर तिला हातहि न लावतां, कुत्रीं व कावळे येणार नाहींत असें झांकून, अधिकाऱ्यांची वाट पाहावी.

रोग नसतांहि श्वास बिघडविणारें एक कारण प्रत्येक घरीं असतें, तें म्हणजे खुद्द खुराडें. थंडी पडली कीं आम्ही मायेनें त्यास चारी बाजूंनीं पोतीं लावितों. आंत विष्ठा ओली राहते, तिच्यांतून डोळे झोंबणारा वायु सुटतो, व त्यानें श्वासनलिकेंतील बारीक केंसांचें अस्तर जळतें; मग कोणताहि जंतु सहज आंत शिरतो. सकाळीं खुराडें उघडतांना खालीं वांकून, कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊन वास घ्यावा. आपल्याला झोंबलें तर तिला रात्रभर झोंबत होतें. खालचा भाग वाऱ्यापासून झांकावा, पण वर छपराशीं वीतभर फट मोकळी ठेवावी. आमच्या जिल्ह्यांत सोयाबीनचें पीक मोठें, म्हणून खुराड्यांत कुटार टाकण्याची सोय चांगली. परंतु पावसांत भिजून बुरा चढलेलें कुटार केव्हांहि टाकूं नये. त्या बुरशीचे कण फुप्फुसांत रुजतात, पिलें चोंच वासून मरतात, आणि त्यावर उपाय चालत नाहीं. पिसवांकरितां खुराड्यांत धूर करावयाचा तर कोंबड्या बाहेर काढून करावा. बाजारांतून आणलेली नवी कोंबडी निदान पंधरा-वीस दिवस वेगळी ठेवावी, मग ती कितीहि देखणी व पाहुण्यांनीं दिलेली असो.

राहिली लस. मानमोडीवर औषध नसलें तरी लस आहे, व ती जुनी आणि खात्रीची आहे. मुक्तेश्वर येथील पशुसंशोधन संस्थेंत १९४० नंतरच्या दशकांत सिद्ध झालेली लस आजहि आठ-दहा आठवड्यांच्या कोंबड्यांस टोंचण्यांत येते. त्यापूर्वीं पहिल्या आठवड्यांत पिलांच्या डोळ्यांत वा नाकांत सौम्य लसीचा थेंब घालतात व तो महिन्याभरानें पुन्हां देतात. अडचण लसीची नाहीं, कुपीची आहे. एका कुपींत शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची लस असते. ती बर्फांत ठेवावी लागते, व एकदां कालविली म्हणजे दोन तासांत संपवावी लागते. ज्या घरीं सात कोंबड्या आहेत त्या घरासाठीं अशी कुपी कोण फोडणार? ह्याकरितां एका आळींतील सर्व घरांनीं एकच सकाळ ठरवावी लागते. कोणाकडे किती कोंबड्या व किती पिलें, ह्याची यादी करून दवाखान्यांत नेऊन देण्याचें काम सातवी-आठवींतील विद्यार्थी सहज करूं शकतील. यादी आदल्या संध्याकाळीं पुन्हां ताडून पाहावी, व कोंबड्या सकाळीं उघडण्यापूर्वींच, खुराड्यांत असतांना, टोंचून घ्याव्यात; एकदां अंगणांत सुटल्यावर त्या दोन तासांत हातीं लागत नाहींत.